आतली कडी

वडगावात खोली मिळाली ती मागाच्या भिंतीला चिकटून.
भाडं कमी, कारण दिवसरात्र खडखडाट.
शिवलीलाक्कानं विचारलं, माणूस कसा आहे?
मी खरं सांगितलं. सगळं नाही, पण खरं.
पदराला लागलेलं सूत काढत ती बराच वेळ बसली.
मग म्हणाली, दिवा रात्री बंद करायला सांगा,
बिल माझ्या अंगावर येतंय.

भरमा मुतगेकर, वय त्रेचाळीस.
एक पत्र्याची ट्रंक, दोन पातेली,
सात खणांचा गोळ्यांचा डबा
आणि वडिलांचं, बंद पडलेलं, मनगटावरचं घड्याळ.

भावाच्या घरी अकरा वर्षं त्याच्या खोलीला कडी होती
ती बाहेरून.
भाऊ वाईट नव्हता. हे लिहून ठेवायला हवं.
त्याला दोन मुली होत्या, भीती होती,
आणि सकाळी सहाला कारखान्याची पाळी.

पहिल्या रात्री भरमा सात वेळा उठला.
मी वहीत लिहिणार होते, झोप अपुरी.
तो म्हणाला, "कडी बघत होतो, बाई.
आतनं लावली. काढली. परत लावली.
माझी मीच."
वहीत याला रकाना नव्हता.

दर गुरुवारी जायचे मी.
कुकर आणला, तर शिट्टीनं तो भिंतीला जाऊन टेकला.
मग पातेल्यातच भात, शिजला की नाही ते बोटानं दाबून बघायचं.
पहिले तीन आठवडे करपला. त्यानं तोही खाल्ला, मीठ लावून.
शहापूरच्या बाजारात मेथी:
भाव विचारायचा कन्नडात, घासाघीस मराठीत.
बँकेचा फॉर्म अक्काच्या पोरानं भरून दिला,
सहीच्या जागेवर बोट ठेवून थांबला तो.
भरमानं नाव लिहायला पाच मिनिटं घेतली.
मागची रांग कुरकुरली. पोरगा हलला नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं एकदा,
आवाज कुठल्या भाषेत येतात?
भरमा हसला. मी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.
"दिवसा मराठी, रात्री कन्नड.
शिव्या दोन्हीत. इकडचेच आहेत की ते."

मी म्हणत होते खोली बदलू,
एवढ्या गोंगाटात माणूस बरा कसा राहील.
"नको," म्हणाला. "माग चालू असला की
ते बोलत असतात, पण मला काही लागत नाही.
मंगळवारी माग बंद.
मंगळवार लई लांब असतोय, बाई."

अकरा महिने मी गुरुवारी जात होते.
कारण गुरुवारी ऑफिसची स्कूटर मोकळी असायची.

आता मंगळवारी जाते, बसनं.

चैत्रात ट्रान्सफॉर्मर जळला, तीन दिवस गल्ली गप्प.
दुसऱ्या रात्री दोनला त्यानं अक्काचं दार वाजवलं,
माग कधी सुरू होणार म्हणून.
तिनं पोलिसांना फोन केला नाही. मलाही नाही.
माळ्यावरनं सासूचा चरखा काढला, धूळ झटकली,
आणि कट्ट्यावर बसून कांड्या भरत राहिली
कर्र कर्र कर्र, उजाडेपर्यंत.
तो पायरीवर, दोन हात अंतर ठेवून.
मला सकाळी कळलं तेव्हा म्हणाली,
मला कांड्या भरायच्याच होत्या की.

बरा झाला का, विचारतात लोक.
मी काय सांगू? परवा गोळी चुकली.
परवाच त्यानं शेजारच्या म्हातारीला सिलिंडर उचलून दिला.

रविवारी मुतग्याहून भाऊ आला,
भाकऱ्या बांधून, धाकटीला सोबत घेऊन.
दार ढकलू गेला सवयीनं.
उघडलं नाही.
मग वाजवलं, दोन बोटांनी, हळू.
आतून आवाज आला:
"थांब जरा. भात उतरवतोय."

भाऊ थांबला.